आपली ओळख आपल्या पर्समध्ये

परीक्षा संपत आल्या, की शाळेच्या स्टाफरूममध्ये आणि घरोघरच्या ओट्यांवर एकच विषय सुरू होतो. सुट्टीत कुठं जायचं? कुणी कोकणात जातं, कुणी गाणगापूरला, तर हल्ली कुणी दुबई-सिंगापूरलासुद्धा! आपण बायका महिनाभर आधीपासून तयारीला लागतो. दशम्या किती, चिवडा किती, सासूबाईंच्या गोळ्या, मुलांचे स्वेटर, ओल्या कपड्यांची वेगळी पिशवी, सुईदोरा, सेफ्टी पिना... सगळं आपल्याला तोंडपाठ. पण कुणी विचारलं, "तुमचं स्वतःचं ओळखपत्र घेतलंत का?" तर उत्तर ठरलेलं. "ते ह्यांच्याकडे असतं!"

मीही अगदी हेच उत्तर देत होते. गेल्या दिवाळीपर्यंत.

झालं असं, की दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पौडहून ताम्हिणी घाट उतरून कोकणात निघालो. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. माणगावच्या जवळ गाडी बंद पडली ती पडलीच. मेकॅनिक म्हणाला, "पार्ट उद्या सकाळी येईल." मग ह्यांनी आम्हाला श्रीवर्धनच्या एसटीत बसवून दिलं. "खोली सांगितलेलीच आहे. तुम्ही पुढं व्हा, मी उद्या गाडी घेऊन येतो."

रात्री साडेआठला आम्ही हॉटेलच्या काउंटरपाशी उभे. मुलं पेंगुळलेली, पायाशी चार बॅगा. काउंटरवरचा मुलगा चांगला होता हो, बोलायला नम्र. "ताई, ओळखपत्र दाखवता? रजिस्टरला नोंद करायची आहे." मी पर्स उघडली. कंगवा निघाला, वाण्याची यादी निघाली, आवळासुपारीची डबी, शाळेच्या कपाटाची किल्ली, मुलाचा तुटलेला चष्मा, सगळं निघालं. कार्ड काही निघेना. निघणार कुठून? ते माणगावला, ह्यांच्या पाकिटाच्या आतल्या कप्प्यात होतं! फोन लावला तर ह्यांचा फोन बंद. दिवसभर नकाशा चालू ठेवून चार्जिंग संपलेलं.

तेवढ्यात सासूबाईंनी कमरेचा बटवा सोडला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आपलं आधार कार्ड काउंटरवर ठेवलं. त्या शहात्तर वर्षांच्या. पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना २०२२च्या ऑगस्टपासून एसटीचा प्रवास मोफत झाला, तेव्हापासून त्या कार्डाशिवाय घराबाहेर पाऊल टाकत नाहीत. शिक्षण चौथी. त्यांच्या नावावर खोली मिळाली. रजिस्टरमध्ये त्यांचं नाव, आणि खाली लिहिलं गेलं, 'सोबत सून व दोन मुले'. रोज वर्गात पन्नास मुलांची नावं घेऊन हजेरी मांडणारी मी बी.ए. बाई, आणि माझी नोंद 'सून'!

सासूबाई हसून म्हणाल्या, "असू दे गं. एवढी वर्षं तुझ्या हातचं जेवतेय, एक रात्र तू माझ्या नावावर झोप."

मी हसले खरी, पण झोप काही लागली नाही. सासूबाई बरोबर नसत्या तर? आणि हे श्रीवर्धन होतं, घरापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. एखाद्या परक्या देशात, भाषा येत नसताना असं झालं असतं तर?

हॉटेलवाले एवढं का विचारतात?

आपल्याला वाटतं, पैसे देतोय ना, मग ही चौकशी कशाला? पण त्यांचाही इलाज नसतो. कोण आलं, कोण गेलं याची नोंद पोलीस कधीही मागू शकतात. आमच्या मुळशीत पावसाळ्यात धबधबे बघायला पुण्या-मुंबईची माणसं लोटतात, तेव्हा इथली रिसॉर्टसुद्धा खोलीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र मागतात.

२६ नोव्हेंबर २००८चा मुंबईवरचा हल्ला आणि १३ फेब्रुवारी २०१०चा पुण्याच्या जर्मन बेकरीतला स्फोट आपण विसरलेलो नाही. मुंबईच्या हल्ल्याआधी तिथली टेहळणी करून गेलेला डेव्हिड हेडली पुण्यातही हॉटेलात राहून गेला होता. त्याचं मूळ नाव दाऊद गिलानी. २००६ साली त्याने अमेरिकेत रीतसर नाव बदलून घेतलं आणि नव्या नावाच्या पासपोर्टवर हिंडला. नाव बदललं की माणूस कसा नजरेतून निसटतो, हे त्यावरून जगाला कळलं. म्हणून काउंटरवरचा माणूस दोन कागदांवर दोन नावं दिसली की थबकतो.

आणि मैत्रिणींनो, दोन कागदांवर दोन नावं असण्यात आपला हात कोण धरणार!

चार कागद, चार बायका

कोकणातून परतल्यावर मी पहिलं काम केलं ते कपाटातली फाइल काढण्याचं. जमिनीवर बैठक मारली आणि माझे सगळे कागद पसरले. पदवीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. आधारवर सासरी ठेवलेलं नाव आणि सासरचं आडनाव. पॅनवर सासरचं आडनाव, पण नाव माहेरचं. मतदार कार्ड अजून माहेरच्या गावचं, त्यावर लग्नाआधीचा फोटो, दोन वेण्या घातलेला. चार कागद होते, आणि परक्या माणसाला वाटावं चार निराळ्या बायका आहेत!

आपल्याकडची रीत आपल्याला ठाऊकच आहे. लग्न लागलं की ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे, नवऱ्याने ते सगळ्यांना सांगायचं. त्यात गोडवा आहे, नाही असं नाही. आणि ही रीत मोठ्या घरांतही होती. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई, त्या माहेरच्या यमुना. आनंदीबाई जोशी, त्याही माहेरच्या यमुनाच! १८६५ साली जन्मलेली ही यमुना नवव्या वर्षी लग्न होऊन आनंदी झाली, आणि १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, नवऱ्याला मागे ठेवून कलकत्त्याहून आगबोटीने अमेरिकेला निघाली. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ती डॉक्टर झाली.

वर्गात आनंदीबाईंचा धडा शिकवताना एका मुलीने मला विचारलं होतं, "बाई, त्यांच्या पासपोर्टवर कुठलं नाव होतं?" प्रश्न मोठा हुशारीचा! तेव्हा आपल्याकडे परदेशी जायला पासपोर्टची सक्तीच नव्हती. ती पहिल्या महायुद्धाच्या काळात आली, आणि १९२० साली त्याचा कायदा झाला. आज चालतो तो कायदा १९६७चा. आनंदीबाईंच्या वाटेत समुद्र होता, सोवळं-ओवळं होतं, लोकनिंदा होती, पण यमुना की आनंदी, हे कुठल्या काउंटरवर सिद्ध करावं लागलं नाही. आज तिकिटावर यमुना आणि पासपोर्टवर आनंदी असेल, तर विमानतळाच्या दारातूनच परत फिरावं लागेल.

तेव्हा नाव कोणतं लावायचं ते तुमच्या मनावर. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, आणि माहेरच्या नावाचा पासपोर्ट लग्नानंतर रद्दही होत नाही. महाराष्ट्र सरकारने तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लावायचं ठरवलं आहे! पण जे नाव ठरवाल, ते सगळीकडे एकच ठेवा. नुसतं आडनाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला कामी येतो. खेडेगावात ही नोंदणी ग्रामपंचायतीतच होते. लग्नाला पंधरा वर्षं झाली आणि दाखलाच काढलेला नाही, अशा कितीतरी जणी माझ्या माहितीत आहेत. त्यांनी आधी तो काढावा. पहिलं नावही बदललं असेल, तर सरकारी राजपत्रात नावबदल छापून घेणं उत्तम. तो कागद जन्मभर पुरतो.

भिशीतल्या अकरा जणी

ही फाइल मी लावत होते, तेवढ्यात आमच्या भिशीत टूम निघाली, नेपाळला जाऊ या! पशुपतिनाथाचं दर्शन, हिमालय, थोडी खरेदी. सगळ्या म्हणाल्या, "नेपाळला काय, आधार कार्ड पुरतं!"

इथंच पुष्कळ जणी फसतात, म्हणून नीट वाचा. नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही हे खरं. पण कागद लागतो, आणि तो पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार कार्ड. १५ ते ६५ वर्षांच्या माणसाचं आधार तिथं चालत नाही. पंधराच्या आतली मुलं आणि पासष्टीच्या पुढची मंडळी यांना मात्र फोटो आणि वय असलेलं आधार चालतं, असं केंद्रीय गृहमंत्रालयाने २०१९च्या जानेवारीत स्पष्ट केलं. १५ ते १८ वयाच्या मुलांना शाळेच्या मुख्याध्यापकांचं ठरावीक नमुन्यातलं ओळखपत्र चालतं. म्हणजे बघा, आमच्या घरातून सासूबाई आधार दाखवून जाऊ शकतात, आणि मी नाही. पुन्हा त्याच पुढे!

पुढच्या भिशीला मी सगळ्यांना कागद घेऊन यायला सांगितलं. अकरा जणींपैकी चौघींकडे पासपोर्ट होता. तिघींचं मतदार कार्ड ठीकठाक. तिघींचं, माझ्यासकट, माहेरच्या गावचं नि माहेरच्या नावाचं. ते बदलायला निवडणूक आयोगाचा 'नमुना ८' भरायचा असतो. पत्ता बदलणं, नाव दुरुस्त करणं, हरवलेलं कार्ड पुन्हा मिळवणं, सगळ्याला तोच एक नमुना आहे. मी मात्र म्हटलं, घातलंच आहे डोकं तर पासपोर्टच काढू. मोठ्या माणसाच्या ३६ पानी पासपोर्टला १५०० रुपये फी आहे आणि तो दहा वर्षं चालतो. दहा वर्षांत एक पैठणीसुद्धा त्यापेक्षा महाग पडते! अर्ज घरून ऑनलाइन भरला, पुण्याला मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात बोटांचे ठसे नि फोटो दिले आणि पौडच्या पोलीस ठाण्यातून चौकशी झाली.

आता राहिली अकरावी. ती कोपऱ्यात गप्प बसली होती. भिशी संपल्यावर ओट्यावर भांडी आवरताना मला म्हणाली, "बाई, माझी सगळी कार्डं थोरल्या दिरांच्या तिजोरीत आहेत."

"तिजोरीत? का बरं?"

"जमिनीच्या कागदांबरोबर. सही लागली की काढतात, मग परत ठेवतात."

मुळशीतल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. आमच्या तालुक्याला जमिनीचं मोल फार लवकर कळलं. १९२१ साली सेनापती बापटांनी इथं सत्याग्रह केला तो धरणात जाणाऱ्या जमिनींसाठी. आता त्याच डोंगरात बंगले आणि रिसॉर्ट उभी राहिली आहेत. जमिनीचा व्यवहार निघाला की घरातल्या बाईचं आधार, पॅन, फोटो, अंगठा, सगळं लागतं. कधी ते खरेदीखताला लागतं, कधी हक्कसोडपत्राला. म्हणून पुष्कळ घरांत बायकांची कार्डं सातबाऱ्याच्या फाइलीत असतात. त्यात प्रत्येक वेळी कपट असतंच असं नाही. 'हरवायला नको' हाच हेतू असतो. पण आपलं कार्ड कुठं कुठं दाखवलं गेलं, त्याची झेरॉक्स कुठल्या कागदाला टाचली गेली, हे आपल्यालाच ठाऊक नसावं?

मी तिला एवढंच म्हटलं, "भांडू नकोस. जेवताना सगळ्यांच्या देखत सरळ माग. नेपाळसाठी पाहिजे म्हण."

परदेशात हॉटेलात उतरताना

परदेशात आपलं आधार, पॅन, गाडीचा परवाना यांना ओळख म्हणून कुणी विचारत नाही. तिथं तुमचा एकच साक्षीदार, तुमचा पासपोर्ट.

इंग्लंडमध्ये १९७२ सालापासून नियम आहे, की सोळा वर्षांवरच्या प्रत्येक पाहुण्याने हॉटेलात स्वतःचं पूर्ण नाव आणि राष्ट्रीयत्व सांगायचं. परदेशी माणसाने पासपोर्टचा क्रमांक आणि पुढचा मुक्कामही सांगायचा. जपानमध्ये हॉटेलवाले परदेशी प्रवाशाच्या पासपोर्टची प्रत काढून ठेवतात, आणि बाहेर हिंडतानाही पासपोर्ट जवळ बाळगावा लागतो. इटलीत हॉटेलवाला पाहुण्यांची नावं चोवीस तासांत पोलिसांना कळवतो. आपल्याकडेही परदेशी नागरिक उतरला, की चोवीस तासांत कळवावं लागतं. म्हणून अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या नणंदबाई सुट्टीला आल्या आणि तुम्ही त्यांना महाबळेश्वरला नेलंत, तर त्यांचा पासपोर्ट बरोबर घ्यायला विसरू नका.

युरोपातल्या शेंगेन देशांचा १९९०चा करार मला मोठा मजेदार वाटला. परदेशी पाहुण्याने स्वतः फॉर्म भरून सही करावी, ओळख दाखवावी, असं त्यात म्हटलं आहे. पण बरोबर आलेला जोडीदार, लहान मुलं आणि सहलीतली माणसं यांना त्यातून सूट! म्हणजे तिथंही 'सोबत पत्नी व दोन मुले'च की! पण या सुटीवर विसंबू नका. कित्येक ठिकाणी प्रत्येकाचा पासपोर्ट पाहतातच.

आणखी एक. हॉटेलवाला पासपोर्ट पाहील, आकडे उतरवील, प्रत काढील. तेवढं होईपर्यंत तिथंच उभ्या राहा आणि परत घेऊनच खोलीत जा. "उद्या सकाळी देतो" म्हणाला तर नम्रपणे सांगा, "आम्ही थांबतो." पासपोर्ट कुणाकडेही तारण ठेवायचा नाही. कायद्याने तो भारत सरकारच्या मालकीचा असतो. टूरवाला, मालक किंवा सासर, कुणालाही तो अडकवून ठेवता येत नाही.

सासर हा शब्द मी मुद्दाम लिहिला. लेकी लग्न होऊन दुबईला, अमेरिकेला जातात. गेल्या गेल्या "दे, मी नीट ठेवतो" म्हणून पासपोर्ट नवऱ्याच्या ड्रॉवरमध्ये जातो. संसार सुखाचा असेल तर काही बिघडत नाही. पण वेळ सांगून येत नाही. तिथं पासपोर्ट हाती नसेल, तर ती पोर घराबाहेर पडून हॉटेलात एक रात्रसुद्धा काढू शकत नाही, मग माहेरी येणं दूरच. लेकीला रुखवतात भांडीकुंडी द्याल तेव्हा हेही कानात सांगा, "पासपोर्ट तुझ्या बॅगेत ठेव, आणि त्याच्या प्रती माझ्याकडे पाठव." पासपोर्ट हरवला किंवा कुणी काढून घेतला, तर तिथल्या पोलिसांत तक्रार करून भारतीय वकिलातीत जायचं. घरी परतण्यापुरतं 'इमर्जन्सी सर्टिफिकेट' वकिलात देते. परदेशी विवाहांतल्या अशा तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगाचा एक कक्षही २००९ पासून आहे.

निघण्यापूर्वी

हे कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.

१. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपुढे निदान सहा महिने आहे ना, ते पाहा. पुष्कळ देश तसा आग्रह धरतात.

२. तिकीट, व्हिसा आणि हॉटेलचं आरक्षण यांवरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. आपल्या नावात नवऱ्याचं नाव मधे असतं, ते एका ठिकाणी घातलं आणि दुसरीकडे गाळलं असं करू नका. आरक्षण 'हे' करणार असतील, तरी पैसे भरण्याआधी नाव तुम्ही वाचा.

३. पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाच्या दोन प्रती काढा. एक दुसऱ्या बॅगेत, एक माहेरी किंवा शेजारी.

४. देशातल्या हॉटेलात आधारची झेरॉक्स द्यावी लागली, तर 'मास्क्ड' आधार द्या. त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्सवर पेनाने तारीख आणि 'फक्त हॉटेल मुक्कामासाठी' असं लिहावं. पॅनवर पत्ता नसतो, म्हणून पुष्कळ हॉटेलं तो घेत नाहीत.

५. फोनवरच्या डिजिलॉकरमधलं कार्ड आपल्या देशात चालतं. पण आमच्या ताम्हिणीत रेंज जाते आणि चार्जिंग कुठं संपेल सांगता येत नाही. खरं कार्ड जवळ हवंच.

६. घरातल्या प्रत्येकाने आपापलं कार्ड आपल्याजवळ ठेवायचं. सगळ्यांचे पासपोर्ट एकाच बॅगेत ठेवले, तर ती एक बॅग गेली की सगळं कुटुंबच अडकतं!

आणि एक छोटी पिशवी

गृहिणीचं सदर आहे, तेव्हा हाताला काम दिल्याशिवाय कसं सोडू? पासपोर्ट साडेबारा सेंटिमीटर लांब आणि पावणेनऊच्या जरा वर रुंद असतो. त्याच्यासाठी जुन्या सुती साडीच्या काठाजवळचं घट्ट कापड घ्या. १३ सेंटिमीटर रुंद आणि ३८ सेंटिमीटर लांब पट्टी कापा. दोन्ही टोकं एकेक सेंटिमीटर आत दुमडून शिवा. मग एका टोकाकडून १५ सेंटिमीटर वर दुमडून दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटरवर शिलाई मारा आणि पिशवी उलटी करून घ्या. वर सहा सेंटिमीटरचं झाकण उरेल, त्याला टिचबटण लावा. बाजूला नव्वद सेंटिमीटरची नाडी शिवली, की गळ्यात अडकवून कुर्त्याच्या आत घालता येते. साडी नेसणाऱ्यांनी नाडीऐवजी परकराला आतून खिसाच लावावा. आत आधी प्लॅस्टिकची पिशवी आणि मग पासपोर्ट. आमच्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय, त्यांना कारण सांगायला नको.

मी अशा अकरा पिशव्या शिवल्या. सासूबाईंनी बाराव्या पिशवीची फर्माईश केली, ती वेगळी.

नेपाळला आम्ही दहाच जणी जाऊन आलो. काठमांडूच्या हॉटेलात प्रत्येकीने आपला कागद काढून दाखवला आणि रजिस्टरमध्ये आपल्या हाताने नाव लिहिलं. मी माझं लिहिलं तेव्हा मला श्रीवर्धन आठवलं.

अकरावीला येता आलं नाही. लेकीची परीक्षा नेमकी तेव्हाच आली. पण तिने जेवताना कार्ड मागितलं होतं. थोरले दीर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "कशाला पाहिजे?" ती म्हणाली, "माझं आहे म्हणून." तिच्या सासूबाईंनी भाकरी वाढता वाढता म्हटलं, "दे रे तिचं तिला." दुसऱ्या दिवशी तिजोरी उघडली. आता तिचं आधार, पॅन आणि मतदार कार्ड मी शिवलेल्या पिशवीत, तिच्या शिलाईमशीनच्या खणात असतं. झेरॉक्स कुणाला हवी असली, तर तिच्याकडे मागावी लागते, आणि ती आधी विचारते, "कशासाठी?"

तर मैत्रिणींनो, हा अंक खाली ठेवलात की उठा आणि आपली कार्डं कुठं आहेत ते बघा. आणि यंदाच्या सुट्टीत कुणी विचारलं, की "ह्यांच्याकडे असतं" असं म्हणू नका. पर्स उघडा आणि दाखवा.